नोकरी सांभाळून लॉजिस्टिक्सचं एमबीए: खिशातून नेमकं किती जातं?

बॅलार्ड इस्टेटला किंवा मशीद बंदरला क्लिअरिंग एजंटकडे दहा वर्षं काढलेल्या माणसाला मालवाहतूक शिकवायला जाऊ नये. बिल ऑफ एंट्री कुठे अडकतं, कंटेनर कितव्या दिवसापासून भाडं खायला लागतो, न्हावा शेव्याला गेटवर रांग कधी लागते, हे त्याला पाठ असतं. त्याची अडचण निराळी असते. एखाद्या मोठ्या फॉरवर्डरकडे मॅनेजरची जागा निघते, जाहिरातीत ‘एमबीए, सप्लाय चेन’ असं छापलेलं असतं आणि याला मुलाखतीचं बोलावणंसुद्धा येत नाही. मग गिरगावातल्या चाळीत, परळच्या वन रूम किचनमध्ये, लालबागच्या टॉवरमधल्या पुनर्वसनाच्या घरात एकच हिशेब सुरू होतो: नोकरी सोडता येत नाही, पदवी तर हवी, मग खर्च किती?

हा लेख त्या हिशेबासाठी आहे. उत्तर हजार रुपयांपासून कित्येक लाखांपर्यंत कुठेही जाऊ शकतं, आणि बाजारात सगळे तुम्हाला वरच्या टोकाकडे ढकलतात. आमचं म्हणणं उलट आहे. खालच्या पायरीवरून सुरुवात करा, आणि फी हा यातला सर्वांत महाग भाग नाही हे पैसे भरण्याआधीच धरून चाला.

हा विषय आपल्या भागात सध्या इतका निघतो त्याला कारणही आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीच्या टोकाला अटल सेतू सुरू झाला आणि २१.८ किलोमीटरच्या त्या पुलाने लालबाग-परळच्या माणसाला न्हावा शेव्याच्या बाजूची नोकरी आवाक्यात आणून दिली. डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. भिवंडीची गोदामं तर आधीपासून आहेतच. कामं वाढताहेत हे खरं. पण ती सगळी कामं एमबीए मागत नाहीत, हेही तितकंच खरं.

आधी कागद ओळखा

एकाच विषयाचे चार कागद मिळतात आणि चारही जाहिरातीत सारखेच दिसतात.

पहिला, विद्यापीठाची पदवी: एमबीए किंवा मुंबई विद्यापीठात जिला एमएमएस म्हणतात ती. दुसरा, पीजीडीएम. ही एआयसीटीईच्या मान्यतेने संस्था देते. ती पदविका असते, पदवी नव्हे. खासगी कंपन्या दोन्ही एकाच मापाने मोजतात. पण सरकारी किंवा बंदर प्राधिकरणाच्या भरतीत ‘पदवी’ असं लिहिलेलं असेल, तर पदविका चालेलच असं नाही. तिसरा, धंद्यातल्या व्यावसायिक संस्थांची पदविका. चौथा, नुसतं प्रमाणपत्र.

घरून शिकायचं असेल तर आणखी एक फरक ध्यानात ठेवा, कारण इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. यूजीसीचे २०२० चे नियम मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन पदवीला नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानतात. मात्र दूरशिक्षणाला हद्द असते. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाला महाराष्ट्रात दूरशिक्षणाचं केंद्र थाटता येत नाही. ऑनलाइनला ही अट नाही. शिवाय फ्रँचायझी देऊन पदव्या चालवायला यूजीसीची सक्त मनाई आहे. म्हणून दादर स्टेशनबाहेरच्या एखाद्या जिन्यावर परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘अधिकृत स्टडी सेंटर’ अशी पाटी दिसली, तर जिना चढायचे कष्ट घेऊ नका.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे हे तिन्ही दिसतं. तिन्ही जुळलं पाहिजे. विद्यापीठ मान्य पण हा अभ्यासक्रम यादीत नाही, असंही होतं. २०२४-२५ पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी सक्तीचा आहे. तो अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावरून विद्यार्थ्याने स्वतः काढायचा, फुकट. त्यासाठी कोणी ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागितले, तर त्याच्याकडे पुढे कशालाच जाऊ नका.

हजार रुपयांची पायरी

सरकारच्या स्वयम आणि आयआयटींच्या एनपीटेल या व्यासपीठांवर सप्लाय चेन, ऑपरेशन्स, साठ्याचं व्यवस्थापन या विषयांचे अभ्यासक्रम चालतात. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे. शिकणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी एका विषयाला १,००० रुपये.

याला कमी लेखू नका. कारण इथे तुम्हाला एमबीएचं नाही, स्वतःचं मोजमाप कळतं. दिवसभर डिस्पॅच सांभाळून, रात्री साडेनऊला जेवण उरकून, बारा आठवडे तुम्ही दर आठवड्याला गृहपाठ वेळेत देऊ शकता का? देऊ शकलात तर दोन वर्षांचा विचार करा. नाही जमलं तर हजार रुपयांत सुटलात. दोन लाख भरून हेच कळलं असतं. आमच्या मते हा अनुभव घेतल्याशिवाय कोणीही मोठी फी भरू नये.

हीच पायरी इंग्रजीसाठीही कामाची. मराठी माध्यमातून आलेल्यांना धंद्याचं इंग्रजी चोख येतं, ईमेल ते रोज लिहितात. पण ‘ग्राहकाची मागणी अनिश्चित असताना साठा किती ठेवावा’ यावर इंग्रजीत तीन पानं लिहिणं निराळं. बहुतेक एमबीए इंग्रजीतूनच असतात. पुस्तकांसाठी फार लांब जावं लागत नाही. वाणिज्य आणि व्यवस्थापनाची सोप्या इंग्रजीतली पाठ्यपुस्तकं छापणारं हिमालया पब्लिशिंग हाऊस गिरगावातच, डॉ. भालेराव मार्गावर आहे. सुनील चोप्रा आणि पीटर माइंडल यांचं सप्लाय चेनवरचं जाडजूड पुस्तक जवळपास सगळीकडे लावलेलं असतं. ते नवं घेण्याआधी किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी प्रत शोधा.

धंद्यातल्या पदविका

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही खरेदी, साठा आणि पुरवठ्यात काम करणाऱ्यांची जुनी व्यावसायिक संस्था. मुख्यालय बेलापूरला, मुंबईत शाखा. मटेरियल्स आणि लॉजिस्टिक्स या दोन्ही विषयांत तिच्या पदविका आहेत आणि त्या नोकरदारांनाच समोर ठेवून आखलेल्या आहेत. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये किंवा खरेदी खात्यात असाल, तर तिथले वरचे साहेब बहुधा हिचेच सभासद असतात. जहाजवाहतुकीकडे जायचं असेल तर नरोत्तम मोरारजी इन्स्टिट्यूट ऑफ शिपिंग आहे. निर्यातीकडे जायचं असेल तर कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे परदेश व्यापाराचे अभ्यासक्रम. गिरगावकरांना तर मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून कफ परेड सहा स्टेशनांवर आलं आहे.

अशा पदविकांचा खर्च साधारण काही हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत जातो. पण इथे एक बारीक छापलेली ओळ असते: ‘अधिक जीएसटी’. कायद्याने मान्य पदवीच्या शिक्षणाला जीएसटी माफ आहे. खासगी प्रमाणपत्रांना आणि क्लासेसना १८ टक्के लागतो. ४०,००० चा कोर्स ४७,२०० ला पडतो. दोन कोर्सांची तुलना करताना जीएसटी धरूनच करा, नाहीतर स्वस्त वाटलेला महाग निघतो.

क्लिअरिंगमध्येच राहायचं ठरलेलं असेल, तर यापैकी कशाहीपेक्षा कस्टम्सच्या परीक्षेचं महत्त्व मोठं. २०१८ च्या कस्टम ब्रोकर परवाना नियमांत ही परीक्षा पास झाल्यावर मिळणारं जी कार्ड आहे. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याशिवाय एजंटचं पान हलत नाही. त्यापुढची परवान्याची परीक्षा अवघड आहे, पण ती पास झाल्यावर माणूस स्वतःच्या नावाने धंदा करू शकतो. ती परीक्षा न देता नुसत्या एमबीएवाल्याला ते करता येत नाही. एखादा मुलगा ऑफिसात सर्वांत हुशार, जी कार्ड काढलेलं नाही, आणि दोन लाखांच्या ऑनलाइन एमबीएची चौकशी करतोय, असं दिसलं की त्याला थांबवावंसं वाटतं.

परदेशी प्रमाणपत्रांबद्दल दोन वाक्यं पुरे. पूर्वी एपिक्स आणि आता एएससीएम नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संस्थेचं सीएससीपी हे बहुराष्ट्रीय कंपन्यांत वजनदार आहे, पण परीक्षा आणि अभ्याससंच डॉलरमध्ये घ्यावे लागतात आणि बेरीज लाखापुढे जाते. कंपनी पैसे देणार असेल तरच.

पदवी: साठ हजारांत आणि दोन लाखांत

आता ज्याच्यासाठी बहुतेकांनी हे पान उघडलं आहे तो भाग.

सर्वांत स्वस्त मान्य एमबीए इग्नूचं. पूर्ण दोन वर्षांची फी साधारण ६०,००० ते ७०,००० रुपये, सत्रागणिक भरायची. एकरकमी पैसे बाहेर पडत नाहीत हा पगारदाराला मोठाच दिलासा. पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि राखीव गटात ४५ टक्के हवेत. प्रवेश परीक्षा आता नाही. ऑपरेशन्स हा विषय पूर्वीपासून आहे, लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनचं स्वतंत्र एमबीएही आता सुरू झालं आहे. दोन वर्षांत नाही जमलं तर चार वर्षांपर्यंत मुदत. छापील पुस्तकांऐवजी डिजिटल साहित्य घेतलं तर फीत १५ टक्के सूट मिळते. हेच सगळं साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतं, म्हणजे प्रवेशाआधीच चाळून बघता येतं. मुंबईचं प्रादेशिक केंद्र मुलुंडला.

यात मिळत नाही ते वर्ग आणि ओळखी. इग्नूत तुम्हाला कोणी हाक मारत नाही, कोणी आठवण करून देत नाही. प्रकल्पाचा प्रस्ताव परत आला तर तो का आला हे तुम्हीच शोधायचं. ज्याला शिस्त आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगला सौदा नाही. ज्याला नाही, त्याचे पैसे स्वस्तात का होईना, जातातच.

लाख ते अडीच लाखांत हायब्रिड आणि ऑनलाइन अभ्यासक्रम येतात. माटुंग्याचं वेलिंगकर घ्या. रुईया आणि पोदार चालवणाऱ्या शिक्षण प्रसारक मंडळीचीच ही संस्था, पोदारच्या शेजारी. तिची दूरशिक्षणाची पीजीडीएम नोकरदारांत वर्षानुवर्षं चालते आणि तिच्यात सप्लाय चेन हा पर्याय आहे. लालबागहून करी रोडला धिमी लोकल धरली की माटुंगा स्टेशन, मग पायी. नरसी मोनजीचं ऑनलाइन एमबीए दोन लाखांच्या घरात जातं; पुण्याच्या सिम्बायोसिसचे दूरशिक्षणाचे कोर्स त्याहून कमी. इथे जादा पैशांत काय मिळतं? रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, शनिवार-रविवारचे थेट वर्ग, वेळेवर परीक्षा आणि एचआरच्या ओळखीचं नाव. नावाची किंमत खोटी नाही. पण ती तुमच्या कंपनीत खरोखर मिळते का, हे एचआरला आधी विचारा. ‘मी अमुक संस्थेचं केलं तर ग्रेड बदलताना धरलं जाईल का?’ एवढा एकच प्रश्न, आणि उत्तर ईमेलवर.

ऑफिस सुटल्यावर वर्गात

वर्गात बसून शिकायचं असेल तर चर्चगेटचं जमनालाल बजाज. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने ही संस्था काढली. इथे नोकरदारांसाठी तीन वर्षांच्या अर्धवेळ पदव्या चालत आल्या आहेत: मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ आणि माहिती व्यवस्थापन. महालक्ष्मीच्या लाला लजपतरायसारख्या संस्थांनीही याच पदव्या चालवल्या. लक्षात घ्या, यात लॉजिस्टिक्स नावाची पदवी नाही. मार्केटिंगच्या पदवीत वितरण येतं, पुरवठा साखळी येते, पण प्रमाणपत्रावर मार्केटिंगच उमटतं. विषयाच्या नावापेक्षा संस्थेचं नाव आणि वर्गातली माणसं मोलाची वाटत असतील, तर हरकत नाही. तीन वर्षं शेजारच्या बाकावर कोणी पोर्ट टर्मिनलचा, कोणी औषध कंपनीच्या वितरणाचा माणूस बसतो, आणि पुढची नोकरी बहुधा त्याच बाकावरून मिळते. प्रवेश मात्र अवघड.

सर्वांत वरची पायरी पवईला. १९६३ साली निटी म्हणून सुरू झालेली संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. या विषयात देशात तिचं नाव आधीपासूनच मोठं. नोकरदारांसाठीच्या तिथल्या अभ्यासक्रमांचा हिशेब लाखांत चालतो, हजारांत नाही. दहा वर्षांपुढचा अनुभव, हाताखाली माणसं आणि कंपनीचा हातभार, या तिन्ही गोष्टी असतील तरच तिकडे बघावं.

ऑफिस सांभाळून शिकणं या शहराला नवीन नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते सकाळच्या वर्गांचं, मुलांना नंतर कामावर जाता यावं म्हणून. गिरणगावच्या रात्रशाळांतून किती पिढ्या मॅट्रिक झाल्या. फरक एवढाच की तेव्हा फी माणसाला अडवायची, आता वेळ अडवतो.

पावतीवर न येणारा खर्च

इग्नूचं उदाहरण पूर्ण मांडून बघू. फी समजा ६४,०००. परीक्षा फी प्रत्येक पेपरला २०० रुपये. पंचवीस-तीस पेपर धरले तर पाच-सहा हजार, नापास झालात तर तो पेपर पुन्हा. झेरॉक्स, प्रिंट, एखाद-दुसरं पुस्तक, प्रकल्पाची बांधणी मिळून पाच हजार. एकूण ७५,००० च्या आसपास, म्हणजे महिन्याला ३,१०० ते ३,२००. एका पगारदार घराला हे पेलतं.

वर्गात जाणाऱ्याचा खर्च निराळा. रेल्वेचा पास जवळच्या अंतराला स्वस्त, आणि बहुतेकांकडे तो असतोच. बेस्टचं कमीत कमी भाडं मे २०२५ पासून १० रुपये, एसीला १२. परळच्या पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्यांनी एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यापासून वळशाचा वेळ जास्तीचा धरावा. पण प्रवासापेक्षा जास्त जातं ते पोटात. सहाला ऑफिस सुटलं, साडेसहाला वर्ग, जेवण दहाला. मध्ये वडापाव आणि चहा होणारच. संध्याकाळी ५० रुपये, आठवड्याला तीन संध्याकाळ, वर्षाला चाळीस आठवडे, तीन वर्षं: १८,००० रुपये. कोणत्याही माहितीपत्रकात हा आकडा नसतो.

आणि वेळ. आठवड्याला दहा तास अभ्यास, वर्षाचे पन्नास आठवडे, दोन वर्षं: १,००० तास. तुमच्याकडे ओव्हरटाइम मिळत असेल आणि तासाला १५० रुपये सुटत असतील, तर हे दीड लाख रुपये झाले, इग्नूच्या फीच्या दुपटीहून जास्त. ओव्हरटाइम नसेल तर हेच तास घरातल्या कोणाच्या तरी वाट्याचे असतात. सासूबाईंचं डॉक्टरकडे जाणं, मुलाचा गृहपाठ, रविवारचा बाजार हे सगळं दुसऱ्या कोणाला तरी उचलावं लागतं. ज्याने उचलायचं आहे त्या माणसाला फॉर्म भरण्याआधी विचारा, फी भरल्यावर नव्हे.

जागेचा प्रश्न आपल्या भागात खरा आहे. एका खोलीत टीव्ही चालू असताना कोणी शिकू शकत नाही. सुदैवाने अभ्यासिकांची परंपरा इथे जुनी आहे. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. वस्त्यांतल्या मंडळांच्या आणि महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, वर्गणी नाममात्र. मात्र त्या एमपीएससीच्या मुलांनी पहाटेपासून भरलेल्या असतात; रात्री उशिरापर्यंत कोणती उघडी असते ते आधी जाऊन बघा, कारण तुम्हाला तीच वेळ मिळणार.

पैसे उभे करताना

पहिला दरवाजा कंपनीचा. मोठ्या फॉरवर्डर आणि ई-कॉमर्स कंपन्यांत शिक्षणासाठी तरतूद असते, फक्त कोणी मागत नाही. मिळाली तर बाँड वाचा: किती वर्षं थांबायचं, आधी सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच काढलं तर काय.

दुसरा, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज. पगारातून कापलं जातं, कागद कमी, म्हणून आपल्याकडे सर्वांत जास्त चालतं. पण यावरच्या व्याजाला आयकरात सूट नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं तर कलम ८०ई खाली भरलेलं सगळं व्याज आठ वर्षांपर्यंत वजा होतं, तेही फक्त जुनी करप्रणाली घेतलेल्यांना. नव्या प्रणालीत असाल तर हा मुद्दा सोडून द्या. स्वतःच्या फीवर ८०सी मिळतं असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. ती सवलत मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या फीला आहे.

शिष्यवृत्तीची फार आशा धरू नका. महाडीबीटीवरच्या योजना आणि २०२४-२५ पासून मुलींना मिळालेली फीमाफी ही मुख्यतः शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आहे. अर्धवेळ आणि घरून शिकणारे त्यात बसत नाहीत.

तिसरा दरवाजा ‘नो कॉस्ट ईएमआय’चा. यात संस्था नव्हे, एक वित्त कंपनी तुम्हाला कर्ज देते आणि संस्थेला पूर्ण फी पहिल्याच दिवशी मिळते. तुम्ही तीन महिन्यांत शिकणं सोडलं तरी हप्ता सुटत नाही, आणि चुकला तर सिबिल बिघडतं. एकरकमी भरणाऱ्याला जी सूट असते ती ईएमआयवाल्याला बहुधा नसते; व्याज तिथे लपलेलं असतं.

फोनवरचे सर

एकदा नंबर दिला की फोन सुरू होतात. ‘सर, आजची शेवटची तारीख आहे. दहा हजार भरून सीट ब्लॉक करा, बाकी मी बघतो.’ ऑनलाइन वर्गाला बाक नसतो, त्यामुळे सीट संपण्याची घाई तुम्हाला नाही, फोन करणाऱ्याच्या महिन्याच्या टार्गेटला असते. त्याला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा: जीएसटी आणि परीक्षा फी धरून एकूण रक्कम किती, पेपर राहिला तर पुन्हा किती, परीक्षा केंद्र मुंबईत कुठे, आणि प्रवेश रद्द केला तर परत किती. ‘एका वर्षात एमबीए’ किंवा ‘मागच्या वर्षाची तारीख टाकून देऊ’ असं ऐकू आलं, तर फोन ठेवा. दोन वर्षांची पदवी दोन वर्षांचीच असते.

परताव्याबाबत यूजीसीचा ऑक्टोबर २०१८ चा नियम आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यानंतर पण तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. हा नियम विद्यापीठांना आणि त्यांच्या महाविद्यालयांना आहे. खासगी प्रमाणपत्राच्या क्लासला त्याचे स्वतःचे नियम. म्हणून मन डळमळत असेल तर तीस दिवस मोजत बसू नका, पहिल्या पंधरवड्यातच ठरवा.

कोणत्या सत्रात शिरावं

इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. परीक्षा जून आणि डिसेंबरला. मालवाहतुकीत काम करणाऱ्याने यातलं सत्र डोळे उघडे ठेवून निवडावं. जुलैला शिरलात तर पहिला अभ्यास गणपतीत येतो, आणि ज्याचं घर लालबागच्या रस्त्यावर आहे त्याने ते दहा-अकरा दिवस वही उघडण्याचा प्रयत्नसुद्धा करू नये. पाठोपाठ दसरा-दिवाळीच्या मालाची धावपळ, ज्यात तुमची रविवारची सुट्टीही जाते. स्वाध्याय जमा करायच्या तारखा त्याच सुमारास, आणि मग डिसेंबरची परीक्षा. जानेवारीला शिरलात तर आड येतो तो फक्त मार्चचा वर्षअखेर. एप्रिल-मे मोकळे मिळतात आणि पेपर पहिल्या पावसात होतात. हा झाला पदवीधरांचा हिशेब. ज्यांची पदवीच झालेली नाही, त्यांनी एमबीएची चौकशी बाजूला ठेवून आधी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठीत बी.कॉम. करावं. पदवी झाल्याशिवाय वरच्यापैकी कोणत्याही एमबीएला प्रवेश मिळत नाही, आणि जाहिरातीत कोणी तसा देत असेल तर तो यूजीसीच्या यादीत सापडणार नाही.